रोवणीच्या तोंडावर अडलेला ट्रॅक्टर

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि गडचिरोलीतील वडसा, आरमोरी या झाडीपट्टीच्या मुलखात धानाची मळणी आटोपून ट्रॉलीची कामे सरली, की ट्रॅक्टर गोठ्याच्या कडेला उभा राहतो, तो पावसाचे पाणी बांधीत साचेपर्यंत. आणि ज्या दिवशी पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे होऊन उपटणीस आलेले असतात, रोवणीच्या बाया सांगून ठेवलेल्या असतात, चिखलणीची लोखंडी चाके चढवून झालेली असतात, नेमक्या त्याच सकाळी किल्ली फिरवूनही इंजिन सुरू होत नाही. पऱ्ह्यांचे वय वाढले की पुढे फुटवे कमी येतात, हे जाणणाऱ्या शेतकऱ्याची त्या वेळची घालमेल ज्याने पाहिली असेल, त्याला या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन निराळे सांगावे लागणार नाही. त्यात २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून अलग झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात अंतरे अशी, की सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे २०० किलोमीटर दूर. तेव्हा मिस्त्री येईपर्यंत प्राथमिक तपास मालकालाच करता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या यंत्रांत हा तपास सोपा असतो. महिंद्राचा बी-२७५ घ्या किंवा झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने १९७१ पासून पिंजोर येथे निघू लागलेला एचएमटी घ्या, त्यांचा प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो आणि पान्याच्या आवाक्यात असतो. नागभीड तालुक्यातील मौजे नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी निवडून सिद्ध केलेल्या धानाला एचएमटी हे नाव मिळाले, ते त्याच सरकारी कंपनीच्या मनगटी घड्याळावरून. एकच नाव या भागात धानाच्या पोत्यावरही वाचावे आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवरही, या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते.

बिघाडाचे मूळ बहुधा उन्हाळ्यात असते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, बॅटरीतील पाणी आटून तिच्या पट्ट्या उघड्या पडतात. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील ओल थेंबाथेंबाने जमून डिझेलच्या तळाशी पाणी होते. आणि एअर क्लीनरच्या नळीत उंदीर संसार थाटतात, वायरीही कुरतडतात.

म्हणून आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, टाकीची तोटी उघडी आहे ना, आणि इंजिन बंद करण्याची खेचणी गंजून ओढलेल्या स्थितीतच अडकली नाही ना, हे पाहावे. तासभराची यातायात कित्येकदा या शेवटच्या दोषापायी होते. मग दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवा क्षार चढला आहे; तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा आणि चासीला जोडलेली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी. दिवे तसेच राहून काहीच आवाज न आला, तर दोष स्विचकडे किंवा सोलेनॉइडकडे जाणाऱ्या तारेत शोधावा.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा धुराकडे पाहावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेली हवा आपल्या आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली गेली म्हणजे जी उष्णता उत्पन्न होते, तिनेच इंधन पेटते. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे पण जळत नाही, म्हणजे दाब अपुरा आहे, इंजिन फार थंड आहे किंवा डिझेलमध्ये पाणी उतरले आहे. काळा धूर आला तर हवेची वाट तुंबली आहे. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही, आणि पावसाळ्याच्या आरंभी बहुतांशी हीच अवस्था आढळते: लाइनने एअर धरलेली असते.

एअर काढण्याचे काम घाईचे नाही. प्रथम फिल्टरखालच्या वाटीतील पाणी व गाळ काढून टाकावा. नंतर टाकीकडच्या फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने हलवीत राहावे. फेसाळ बुडबुडे येत येत अखेरीस निर्मळ, अखंड धार लागली की स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंप, याच क्रमाने. एवढ्यानेही न भागल्यास नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या चक्क्या किंचित सैल करून, तेथे डिझेल झिरपेपर्यंत सेल्फ मारावा. मात्र त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, सबब बोट तेथे कदापि लावू नये.

आणखी दोन गोष्टींविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. जमिनीवर उभे राहून पेचकसाने सेल्फची टोके जुळवू नयेत. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर जुळवणाऱ्याच्याच अंगावर येतो, आणि अशा रीतीने माणसे दगावली आहेत. तसेच थंडीच्या दिवसांत टाकीखाली किंवा इंजिनाखाली पेटता पलिता धरू नये.

पुढच्या साली ही वेळ टाळावयाची असेल, तर मळणीनंतर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, बॅटरी सोडवून सावलीत ठेवावी, महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा.