डचांचे ‘सुवर्णशतक’ आणि शिवाजी महाराजांचा कौल

अ‍ॅमस्टरडॅमच्या नगर-संग्रहालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सतराव्या शतकासाठी ‘खाउडन एऊ’ हा शब्द यापुढे न वापरण्याचे जाहीर केले, तेव्हा हॉलंडमध्ये मोठा वाद उसळला. तत्कालीन पंतप्रधान मार्क रुट यांनी हा निर्णय मूर्खपणाचा ठरवला.

‘खाउडन’ म्हणजे सोनेरी, ‘एऊ’ म्हणजे शतक. हा ‘एऊ’ संस्कृतातील ‘आयुस्’चा दूरचा भाऊबंद असून त्याचा जुना अर्थ काळ, युग असाच आहे. सुवर्णयुगाची मूळ कल्पना हेसिअड आणि ओव्हिड या प्राचीन कवींची. आपल्या कृतयुगासारखे निष्पाप, कष्टरहित असे ते आरंभीचे युग. डचांनी ते नाव स्वतःच्या एका शतकाला जोडले. रेम्ब्रांट, व्हर्मिअर आणि जगभर फिरणाऱ्या गलबतांच्या शतकाला. एकोणिसाव्या शतकात, पूर्वीचे सामर्थ्य ओसरल्यावर, ते विशेष रूढ झाले. पी. एल. म्युलर यांचा ‘आमचे सुवर्णशतक’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १८९६ ते १८९८ या काळात निघाला. हे नाव इतिहासकार योहान हाउझिंगा यांना मात्र १९४१ मध्येच खटकले होते. नावच द्यायचे तर लाकूड, पोलाद, डांबर, रंग आणि शाई यांवरून द्यावे, असे त्यांचे म्हणणे. ते अधिक प्रामाणिक वाटते.

पण त्या यादीत माणसे नाहीत. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवरील वस्ती जवळजवळ नामशेष केली. कोकणात वेंगुर्ल्याला तिने १६३७ मध्ये वखार घातली. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. ही वखार मुख्यतः गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी होती. कोरोमंडल किनाऱ्यावरचा व्यवहार निराळा. तेथे दुष्काळ पडला की कंपनी उपाशी माणसे विकत घेऊन बटाव्हिया व सिंहलद्वीपाकडे रवाना करी.

कर्नाटक स्वारीत जिंजीचा मुलूख हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी १६७७ च्या ऑगस्टमध्ये तेथील डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात एक स्पष्ट अट होती : पूर्वीच्या अमदानीत स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेऊन नेण्याची जी मोकळीक होती, ती आपल्या राज्यात चालणार नाही. ही अट डच कंपनीच्याच दप्तरात, डच भाषेत नोंदलेली आहे.