कोण? कसा?

दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा गिरगावातल्या एखाद्या जुन्या वाडीत संध्याकाळी सातच्या सुमारास आधी वास येतो. वर बघावं तर फाटकाच्या कमानीवर मधुमालती लगडलेली. एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लालभडक फुलं! तीन वेल एकत्र वाढलेत की काय? नाही हो, वेल एकच. आणि खरी गंमत म्हणजे ही तिन्ही रूपं एकाच फुलाची.

पांढरं आहे ते आज संध्याकाळी उमललेलं. तेच उद्या गुलाबी होईल आणि परवा लाल. हा खटाटोप कशासाठी?

खाली पडलेलं एक फूल उचला. त्याचा बोटभर लांबीचा, हिरवट, नाजूक देठ बघा. पण तो देठ नाहीच! ती पोकळ नळी आहे आणि मध तिच्या पार तळाशी. तिथवर पोचेल एवढी सोंड कुणाची? रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांची. म्हणून पहिल्या रात्री फूल पांढरंशुभ्र, अंधारात उठून दिसणारं. मग ते हळूहळू मान खाली घालतं, रंगतं आणि दिवसा मधमाश्या, शिंजीर त्याच्याकडे वळतात. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या भाषेत सांगायचं तर आधी रातपाळी, मग दिवसपाळी!

वाढण्याची तऱ्हाही तशीच. सुरुवातीला हे चक्क झुडूप असतं. मग एक दिवस लांबलचक फांदी सुटते आणि त्याचा वेल होतो. चढायला आकडे कुठून आणतो? पान गळतं, पण त्याच्या देठाचा बुंधा फांदीवरच राहतो, वाळून टणक होतो, आणि तोच काटा! टाकाऊतून शिडी.

सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रम्फियस नावाचा निसर्गअभ्यासक वनस्पतींची नोंद करत होता. १६७० मध्ये दृष्टी गेली, तरी त्याने काम सोडलं नाही. या बहुरूप्याला त्याने लॅटिनमध्ये नाव दिलं 'क्विस क्वालिस', म्हणजे 'कोण? कसा?' पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेही 'क्विसक्वालिस' हेच नाव उचललं. आता शास्त्रज्ञ याला 'कॉम्ब्रेटम इंडिकम' म्हणतात. मला मात्र जुनं नावच जास्त खरं वाटतं.

ते नाव पुसलंही गेलं नाही. चीनमध्ये याच्या बिया पोटातल्या जंतांवर देत. त्यांतल्या द्रव्याचं नाव क्विसक्वालिक आम्ल. मेंदूतल्या पेशी ज्या ग्लुटामेटने एकमेकींना निरोप देतात, त्याची ते हुबेहूब नक्कल करतं! या वेलाच्या आम्लामुळेच मेंदूतल्या पेशींवर असे निरोप झेलणाऱ्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला) काही काळ 'क्विसक्वालेट ग्राहक' म्हणत. (बिया मात्र कुणी खाऊन बघू नका.)

आज संध्याकाळी एका पांढऱ्या फुलाखाली सैलसर दोरा बांधा आणि तीन दिवस रोज जाऊन बघा.