आधी विक्री, मग खरेदी

शॉर्ट सेलिंग म्हणजे उसने घेतलेले शेअर आधी विकायचे आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचे. 80 डॉलरला विकलेला शेअर 20 ला मिळाला, तर उसनवारीचा खर्च वजा जाता 60 डॉलर सुटतात. तो 300 वर गेला, तर 220 चा खड्डा, आणि या खड्ड्याला तळ नसतो. तोट्यातल्या टेक कंपन्यांवर शॉर्ट सेलरची नजर असते, कारण त्यांचा भाव कमाईवर नव्हे, आश्वासनांवर उभा असतो. अमेरिकेतील निकोला या ट्रक कंपनीचे बाजारमूल्य जून 2020 मध्ये काही काळ फोर्डपेक्षाही जास्त होते. सप्टेंबरमध्ये हिंडेनबर्ग रिसर्च या शॉर्ट सेलर संस्थेने दाखवून दिले, की व्हिडिओत धावणारा निकोलाचा ट्रक प्रत्यक्षात उतारावरून घरंगळत होता. हिंडेनबर्गचा स्वार्थ उघड होता, तरी ही तपासणी मोलाचीच. फेब्रुवारी 2025 मध्ये निकोलाने दिवाळखोरीचा अर्ज केला.