पानात पेरलेला कोड: पीएचपीचे आकडे काय सांगतात

जानेवारी २०१३ मध्ये नेटक्राफ्टच्या पाहणीत २४ कोटींहून जास्त वेबसाइट्सवर पीएचपी ही सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा आढळली. पाहणीतल्या एकूण साइट्सशी हे प्रमाण ३९ टक्के होतं. त्याच सुमारास डब्ल्यूथ्रीटेक्स ही दुसरी संस्था पीएचपीचा वाटा ७५ टक्क्यांच्या वर असल्याचं सांगत होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, फरक होता छेदाचा. नेटक्राफ्ट इंटरनेटवर दिसेल ती साइट मोजतं. त्यात नाव नोंदवून रिकाम्या ठेवलेल्या साइट्सही येतात. डब्ल्यूथ्रीटेक्स वर्दळीच्या साइट्स निवडतं आणि त्यांतल्या ज्यांची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, तेवढ्यांवरच टक्केवारी काढतं. त्यामुळे ‘जगातल्या पाऊण वेबसाइट्स पीएचपीवर चालतात’ असं छापलेलं दिसलं, की त्यातला ‘ज्यांची भाषा कळली त्यांपैकी’ हा गळलेला भाग मनात जोडून घ्यावा.

२०२५ मध्येही हा वाटा चारांत तीनच्या आसपास होता. त्यामागे आणखी एक आकडा दडलेला आहे. तेव्हा पाहणीतल्या सगळ्या साइट्सपैकी सुमारे ४३ टक्के वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर चालत होत्या आणि वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे. म्हणजे या भाषेच्या वाट्याचा मोठा भाग भाषा पारखून निवडणाऱ्यांचा नाही. दुकानासाठी, संस्थेसाठी किंवा मासिकासाठी साइट हवी होती, होस्टिंगवाल्याकडे वर्डप्रेस तयार मिळालं आणि पीएचपी त्यासोबत आली. भाषेच्या लोकप्रियतेचा निष्कर्ष काढताना हे विसरून चालणार नाही.

पण पीएचपी सगळीकडे तयार का मिळत होती, याचं उत्तर तिच्या मूळ रचनेत आहे. १९९३-९४ च्या काळात बदलतं पान बनवायचं तर सीजीआयचा रस्ता होता. सी किंवा पर्लमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि पानाची प्रत्येक ओळ, प्रत्येक टॅग त्या प्रोग्रामकडून छापून घ्यायचा. समजा, परीक्षेच्या निकालाचं पान आहे. मथळा, तक्ता, रंग, तळटीप हे सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच. बदलतात फक्त नाव आणि गुण. सीजीआयमध्ये या दोन गोष्टींपायी अख्खं पान कोडच्या पोटात शिरायचं. मथळ्याचा रंग बदलायलाही प्रोग्रामरला बोलवावं लागायचं, आणि पान मागणाऱ्या प्रत्येक माणसामागे सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करायचा.

पीएचपीने हे उलटं केलं. पान जसंच्या तसं एचटीएमएलमध्ये लिहायचं आणि बदलणाऱ्या जागी खुणेच्या कंसात कोडची एखादी ओळ ठेवायची. कंसाबाहेरचं सगळं सर्व्हर जसंच्या तसं पुढे पाठवतो, आतलं चालवतो आणि जे उत्तर येईल ते त्या जागी भरतो. ब्राउझरपर्यंत कोड पोचतच नाही, पोचतो तो भरलेला तक्ता. एचटीएमएल येणाऱ्या कोणालाही पहिल्याच दिवशी एक ओळ टाकून परिणाम बघता येतो. मला ही या भाषेची सर्वांत मोठी देणगी वाटते.

ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या ऑनलाइन रेझ्युमेला किती लोक भेट देतात हे पाहण्यासाठी सी भाषेत काही साधनं लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. मे १९९८ मध्ये नेटक्राफ्टला सुमारे ६०,००० डोमेन्सवर पीएचपीची खूण दिसली. तेव्हाच्या इंटरनेटचा तो जेमतेम १ टक्का होता. जून १९९८ मध्ये अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या इस्रायलमधल्या दोघांनी नव्याने लिहिलेली तिसरी आवृत्ती आली आणि तिच्या भराच्या काळात वाटा १० टक्क्यांच्या घरात गेला.

पानात कोड पेरण्याची कल्पना मात्र एकट्या पीएचपीची नव्हती. कोल्डफ्यूजन जुलै १९९५ मध्येच बाजारात आलं होतं, मायक्रोसॉफ्टचं एएसपी डिसेंबर १९९६ मध्ये आणि सनचं जेएसपी १९९९ मध्ये. पीएचपी फुकट होती, अपाची सर्व्हरच्या आत मॉड्यूल म्हणून बसत होती आणि एकाच यंत्रावर शेकडो गिऱ्हाइकांच्या साइट्स ठेवणाऱ्या स्वस्त होस्टिंगला सोयीची होती. माझ्या मते बाजी इथेच पलटली.

ही सोय समजायला तीन आकडे पुरेसे आहेत. पीएचपीसोबत येणाऱ्या मूळ सेटिंगनुसार एका विनंतीला जास्तीत जास्त १२८ मेगाबाइट मेमरी आणि ३० सेकंदांचा चालण्याचा वेळ मिळतो. काम झालं की त्या विनंतीचं सगळं पुसलं जातं आणि पुढची विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते. एका साइटचा कोड चुकला तरी त्याचा गाळ साचत नाही. फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ मेगाबाइट आहे. फोनवर काढलेला फोटो फॉर्ममध्ये ‘जात नाही’ म्हणून माणसं वैतागतात, तेव्हा अनेकदा कोणीही न बदललेला हाच आकडा आड आलेला असतो.

दरवेळी कोऱ्या पाटीची किंमत वेगात मोजावी लागते. पीएचपीवर उभ्या राहिलेल्या फेसबुकने फेब्रुवारी २०१० मध्ये पीएचपीचं सी++ मध्ये रूपांतर करणारं हिपहॉप जाहीर केलं. त्यांच्या सर्व्हरवरचा प्रोसेसरचा वापर त्यामुळे सरासरी निम्म्याने घटला. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने मूळ भाषेतच दुपटीपर्यंत वेग दिला आणि त्यासाठी बहुतेक साइट्सना कोडमध्ये फारसा फेरफार करावा लागला नाही.

आता या रचनेच्या दुखऱ्या भागाकडे येऊ. कोड आणि पान एकाच फाइलमध्ये शेजारी असतात तेव्हा वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूरही त्याच पानात उतरतो. त्या मजकुरात कोणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि तो तसाच छापला गेला, तर पुढच्या वाचकाचा ब्राउझर तो इमानेइतबारे चालवतो. हे टाळण्यासाठी फक्त पाच चिन्हं बदलावी लागतात: कोनी कंसाची दोन टोकं, अँपरसँड, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण. पीएचपीत हे काम करणारं फंक्शन अगदी पहिल्या दिवसांपासून आहे. त्याचं नाव १६ अक्षरी आहे, आणि त्याचं कारण लेरडॉर्फ यांनीच सांगितलेलं आहे: फंक्शन्स शंभराच्या आत होती तेव्हा ती नावाच्या लांबीवरून शोधली जात, म्हणून मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची नावं ठेवली गेली. परिणाम असा, की मजकूर धोक्यासकट छापायला चार अक्षरांचा शब्द आणि सुरक्षित छापायला त्याखेरीज १६ अक्षरांचा. शिवाय हे फंक्शन एकेरी अवतरण आपणहून बदलू लागलं ते नोव्हेंबर २०२१ च्या ८.१ आवृत्तीपासून, त्याआधी पाचांपैकी चारच चिन्हं बदलायची. सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत घातक २५ त्रुटींची जी सीडब्ल्यूई यादी निघते, तिच्यात २०२४ साली हीच त्रुटी पहिल्या क्रमांकावर होती. ती सगळ्याच भाषांत होते, पण जिथे सुरक्षित छापणं ही लिहिणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेली गोष्ट असते तिथे ती होणारच. ट्विग आणि ब्लेडसारख्या साच्यांनी हा क्रम फिरवला. त्यांत मजकूर आपोआप सुरक्षित होतो आणि कच्चा छापायचा तर तसं वेगळं सांगावं लागतं. मूळ भाषेने हे आधीच करायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

मराठीत साइट बनवणाऱ्याला आणखी एक हिशेब मांडावा लागतो. पीएचपीचं लांबी मोजणारं मूळ फंक्शन बाइट्स मोजतं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक वर्णचिन्हाला आणि मात्रेला ३. ‘मराठी’ची लांबी हे फंक्शन १५ सांगतं. बहुबाइट मोजणारं फंक्शन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या धरल्या जातात. आणि वाचणाऱ्याला दिसतात ती ३ अक्षरं मोजायला तिसरंच फंक्शन लागतं. हाच मजकूर दहाव्या बाइटवर कापला तर ‘मरा’ उरतं आणि पुढे ‘ठ’चा एक तृतीयांश तुकडा, पडद्यावर त्याच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. नावाच्या रकान्याला ३० बाइट्सची मर्यादा घातली तर इंग्रजीत ३० अक्षरं बसतात आणि मराठीत ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द ती संपवतो. इंग्रजीत तपासून दिलेल्या साइटवर यातलं काहीच नजरेला पडत नाही.

हा प्रश्न मुळातून सोडवायचा प्रयत्न झाला होता. पीएचपी ६ मध्ये सगळा मजकूर आतून युनिकोड करायचा बेत २००५ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये सोडून द्यावा लागला. म्हणूनच पाचवी आवृत्ती संपल्यावर थेट सातवी आली. आजही योग्य फंक्शन निवडण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच आहे. अक्षरांनुसार मजकुराचे तुकडे करणारं फंक्शन मिळालं ते नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ आवृत्तीत.

आणि ते वापरायला नवी आवृत्ती हवी. माझ्या दृष्टीने पाऊण वाट्यापेक्षा महत्त्वाचा आकडा इथे आहे. २०२५ मध्ये पीएचपीवरच्या साइट्सपैकी आठव्या मालिकेवर निम्म्याच्या आसपास होत्या, तर दहातली जवळपास एक अजून पाचव्यावर. पाचव्या मालिकेच्या शेवटच्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०१८ मध्ये थांबल्या आणि सातव्याच्या शेवटच्या आवृत्तीच्या नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणजे या दोन्ही मालिकांवरच्या साइट्सवर एखादं नवं भोक सापडलं, तर ते बुजवायला भाषेच्या मूळ चमूकडून काहीही येणार नाही. होस्टिंगच्या पॅनेलवर आवृत्ती बदलण्याचा पर्याय बहुधा असतो. आधी साइटची प्रत काढावी, प्लगइन्स नवे करावेत आणि मग आवृत्ती चढवावी. आठव्यातही मुदती आहेत: ८.२ ची ३१ डिसेंबर २०२६ ला संपते, ८.३ ची २०२७ अखेर आणि ८.४ ची २०२८ अखेर.