लाल ठिपका आणि दोन स्क्रू

रात्री एस. टी.ने प्रवास करताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. रस्त्याकडेची झाडे भराभर मागे पळतात, चंद्र मात्र गाडीबरोबर चालत राहतो. चंद्र इतका दूर आहे की त्याचे आपल्याकडे येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यामुळे आपण जागा बदलली तरी त्याची दिशा बदललेली जाणवत नाही. चंद्राचा हा गुण एखाद्या लहानशा ठिपक्याच्या अंगी आणता येईल का?

डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी तो आणला आणि १९०० साली त्याचे पेटंट घेतले. ग्रब हे नाव पुण्याला परके नाही. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतील मोठी दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली होती.

डोळ्याची अडचण

साध्या पिस्तुलावर मागे एक खाच आणि पुढे एक खुंटी असते. खाच, खुंटी आणि लक्ष्य एका रेषेत आणले की नेम धरला जातो. पण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि आपला डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. शिवाय डोळा जरा सरकला की रेषा मोडते. जागा बदलल्याने होणाऱ्या या दिशेतील फरकाला पराशय म्हणतात.

ग्रब यांनी एक प्रकाशित खूण भिंगाच्या नाभीवर ठेवली. नाभीतून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. तिरप्या काचेवरून ते डोळ्याकडे वळवले, की त्या काचेतून पाहणाऱ्याला ती खूण चंद्रासारखी अनंत अंतरावर दिसते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, काही जर्मन लढाऊ विमानांवर असे नेमदर्शक बसवले गेले. दुसऱ्या महायुद्धात ते सर्रास वापरात आले. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने खुणेच्या जागी लाल प्रकाश देणारा डायोड असलेला नेमदर्शक बाजारात आणला.

आज अमेरिकेतील अनेक पोलिसांच्या पिस्तुलांवर अंगठ्याएवढा नेमदर्शक असतो. त्यातील वक्र काचेवर एक पातळ लेप असतो. तो डायोडचा लाल प्रकाश परावर्तित करतो आणि बाकीचा बहुतेक प्रकाश आरपार जाऊ देतो. ठिपका लक्ष्यावर पडलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नसते. प्रकाश फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतो. समोरच्याला ठिपका दिसत नाही.

सरकणे आणि कलणे

आता खरी मेख पाहू. डोळा सरकला तर हा ठिपका सांभाळून घेतो. समजा, संपूर्ण नेमदर्शक ०.१ मिलिमीटर बाजूला सरकला, तर नेमही तेवढाच, म्हणजे ०.१ मिलिमीटर सरकेल. ही चूक नगण्य आहे. पण तो कलला तर?

समजा, नेमदर्शकाचा तळ ४० मिलिमीटर लांब आहे आणि त्याचे एक टोक ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढे, उचलले गेले. कोन झाला १/४००. वीस मीटरवर म्हणजे २०,००० मिलिमीटरवर चूक होईल २०,००० ÷ ४०० = ५० मिलिमीटर, तब्बल पाच सेंटीमीटर! ठिपका तसाच तेजस्वी आणि स्थिर दिसतो, पण खोटे सांगतो. गर्दीत एखाद्या पोलिसाला गोळी झाडावी लागली, तर या पाच सेंटीमीटरांची किंमत काय असेल, हे सांगायला नको.

स्क्रूची परीक्षा

प्रत्येक गोळीबरोबर पिस्तुलाचा वरचा भाग झटक्याने मागे जाऊन पुन्हा पुढे येतो. नेमदर्शक त्याच भागावर बहुधा दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो. आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भाग घट्ट दाबून धरतो. स्क्रूच्या अक्षाला आडवे धक्के बसून हे भाग वारंवार एकमेकांवर घसरले, तर स्क्रू आपोआप उलटा फिरू लागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले.

म्हणून जाणकार कारागीर आधी आट्यांवरचे तेल पुसतो, कारण तेलावर चिकटद्रव धरत नाही. मग आट्यांना थोडा चिकटद्रव लावून, बल मोजणाऱ्या पान्याने, निर्मात्याने सांगितले तेवढेच स्क्रू आवळतो. जास्त जोर केला तर बारीक स्क्रू तुटतो. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी रंगाची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे एका नजरेत कळते. नंतर कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडून ठिपका जुळवून घेतात. काही नमुन्यांत सेल बदलण्यासाठी पूर्ण नेमदर्शक काढावा लागतो. मग ही जुळवणीही पुन्हा तपासावी लागते.

अंगाजवळ बाळगलेल्या पिस्तुलावर घाम आणि कपड्यांचे तंतू जमतात. डायोडवर पाण्याचा थेंब बसला तर ठिपका फाटल्यासारखा दिसतो. काच पुसण्यापूर्वी धूळ फुंकून काढावी लागते, नाहीतर तीच धूळ लेपावर ओरखडे काढते. चष्मा वापरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नकोच!

करून पाहा

हौशी आकाशनिरीक्षकांच्या दुर्बिणीवरही असाच लाल ठिपका असतो. वर काढलेला कोन तेथे चंद्रबिंबाच्या पाव व्यासाहून थोडा अधिक भरतो.

हे तत्त्व शाळेतही पाहता येते. दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून एका बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर मोजा. विजेरीच्या तोंडावर टाचणीने भोक पाडलेला काळा कागद लावा आणि त्यावर लाल जिलेटिनचा तुकडा. फळीवर हे भोक बरोबर भिंगाच्या नाभीवर येईल असे ठेवा. भिंगातून निघालेल्या आडव्या किरणांच्या वाटेत एक साधी काच ४५ अंशांच्या कोनात उभी करा. संध्याकाळी काचेतून दूरच्या इमारतीकडे पाहा. डोके थोडे हलवले तरी ठिपका त्याच खिडकीवर राहील. आता फळीच्या पाहणाऱ्याकडील कडेखाली वही सरकवा. ठिपका खिडकी सोडून जाईल.

आणि एक प्रश्न : फळी न हलवता फक्त काच उभ्या अक्षाभोवती एक अंश फिरवली, तर ठिपका किती अंशांनी सरकेल? परावर्तनाचा नियम आठवा आणि उत्तर मोजून पडताळा.