तिरोड्याच्या तारा आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग

परवा तिरोड्याहून येताना शेजारची बारावीतली पोरगी विचारते, "काका, या तारा एवढ्या उंच कशाला?"

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याचा औष्णिक प्रकल्प 3300 मेगावॉटचा, 660 चे पाच संच. तिथून 765 केव्हीच्या लाइन अकोला-औरंगाबादकडे (आताचं छत्रपती संभाजीनगर) जातात.

उंची व्होल्टेजमुळे. व्होल्टेज जितकं जास्त, तितकं जमिनीपासून अंतर जास्त.

मग व्होल्टेज एवढं कशाला? आता वही काढा. एका संचाचे 660 मेगावॉट 22 केव्हीवर पाठवायचे तर साधारण 17,300 अँपिअर वाहतील. 765 केव्हीवर फक्त 500 च्या आसपास. (थ्री-फेज, पॉवर फॅक्टर 1 धरलाय.) तारेतली उष्णता करंटच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे 22 केव्हीवर त्याच तारेत नुकसान बाराशे पट!

इलेक्ट्रिकलमध्ये हेच शिकवतात: मशीन्स, पॉवर सिस्टीम, कंट्रोल. वायरिंग हा त्यातला छोटा तुकडा.

गोंदियाच्या पोरांना वाटा दोन. बारावीनंतर सीईटी देऊन बी.टेक. किंवा दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि मग थेट दुसरं वर्ष. दुसरी वाट मला जास्त आवडते, हात आधी मोटरला लागतात. फक्त गणित सांभाळा. लाप्लास ट्रान्सफॉर्म डिप्लोमावाल्यांना हमखास घाम फोडतो.

मी नागपूर विद्यापीठाचा. 1923 पासूनचं विद्यापीठ, जुन्या प्रश्नपत्रिकांना तोटा नाही. त्या सोडवा, गाइड नंतर.

ब्रँच, प्रवेश, महावितरणच्या परीक्षा, काहीही विचारा. रात्री उत्तर देतो.