उत्पादन व पुनरुत्पादनविषयक शब्दसंपदा, इंग्रजी व चेक

उत्पादन व पुनरुत्पादनविषयक शब्दसंपदा, इंग्रजी व चेक : वस्तू निर्माण करणे, पीक काढणे, संतती जन्मास घालणे आणि मूळ कृतीच्या प्रती तयार करणे या चार क्रिया मानवी व्यवहारात भिन्न असल्या, तरी त्यांची नावे अनेक भाषांत परस्परांत गुंतलेली आढळतात. इंग्रजीने या क्षेत्रातील बराचसा भार ‘प्रोड्यूस’ या एकाच लॅटिनोद्भव शब्दकुलावर टाकला आहे. पश्चिम स्लाव्हिक शाखेतील चेक भाषेने मात्र देशी धातूंपासून तीन-चार स्वतंत्र शब्दकुले विकसित केली व लॅटिनोद्भव शब्द मर्यादित अर्थांनी स्वीकारले [⟶ चेक भाषा]. या दोन रचनांची तुलना भाषांतरास उपयोगी आहेच; शिवाय श्रम व जन्म यांसंबंधीच्या कल्पना शब्दांबरोबर कशा बदलतात, हेही तीवरून समजते.

इंग्रजी शब्दकुल : ‘प्रोड्यूस’ हे क्रियापद लॅटिन ‘प्रो’ (पुढे) व ‘दूकेरे’ (नेणे) यांपासून झाले असून त्याचा मूळ अर्थ ‘पुढे आणणे’ असा आहे. त्यापासून ‘प्रॉडक्ट’ (उत्पादित वस्तू, गणितात गुणाकार), ‘प्रोड्यूसर’ (उत्पादक, चित्रपटाचा निर्माता), ‘प्रॉडक्शन’ (उत्पादन, नाट्यप्रयोगाची निर्मिती) व ‘प्रॉडक्टिव्हिटी’ (उत्पादकता) हे शब्द सिद्ध झाले. पहिल्या अवयवावर आघात दिल्यास ‘प्रोड्यूस’ हेच रूप नाम बनते व शेतमाल, भाजीपाला असा अर्थ देते. ‘मॅन्युफॅक्चर’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘हाताने करणे’ असा आहे. पुढे यंत्राने केलेल्या निर्मितीसही तोच लावण्यात आला. ‘फॅक्टरी’ म्हणजे प्रारंभी व्यापारी अडत्याचे ठाणे. सुरत व राजापूर येथील इंग्रजांच्या ज्या ठाण्यांना मराठीत वखार म्हणतात, ती या जुन्या अर्थाने ‘फॅक्टरी’ होती. कारखाना हा अर्थ नंतर रूढ झाला.

जन्मासंबंधीचे जुने इंग्रजी शब्द जर्मानिक मूळाचे आहेत. ‘बेअर’ (वाहणे, जन्म देणे), ‘बर्थ’ (जन्म) व ‘बर्डन’ (ओझे) हे एकाच धातूपासून आले असून संस्कृत ‘भृ’ धातू व ‘भार’ हा शब्द त्यांचे सगोत्र होत. चेकमध्येही ‘ब्र्झेमेनो’ (ओझे) व ‘ब्र्झेझी’ (गाभण) ही जोडी याच मूळाची आहे. ‘ब्रीड’ हे क्रियापद पशूंच्या पैदाशीस लावले जाते. शास्त्रीय लेखनात मात्र दीर्घकाळ ‘जनरेशन’ हा शब्द प्रचलित होता व त्यातील मूळ धातू संस्कृत ‘जन्’ धातूशी सगोत्र आहे.

‘रिप्रॉडक्शन’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला, तो ‘पुन्हा घडविणे’ या अर्थाने. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७१२ मध्ये कवचधारी जलचरांचे तुटलेले पाय पुन्हा उगवतात, या घटनेस हा शब्द लावला. १७४९ मध्ये ब्यूफाँने आपल्या निसर्गेतिहासात तो सर्व सजीवांच्या वंशसातत्यासाठी वापरला आणि हळूहळू ‘जनरेशन’ मागे पडला. फिजिओक्रॅट पंथाच्या अर्थशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतीच्या वार्षिक उपजेची पुन्हा होणारी निर्मिती याच नावाने ओळखली. कार्ल मार्क्सने उत्पादनव्यवस्था स्वतःस सतत नव्याने कशी उभी करते, हे सांगण्यासाठी ‘साधे’ व ‘विस्तारित’ पुनरुत्पादन या संज्ञा योजिल्या. एकोणिसाव्या शतकात चित्राची हुबेहूब प्रतही ‘रिप्रॉडक्शन’ झाली. अशा रीतीने प्राण्याची वीण, भांडवलाचे आवर्तन व चित्राची प्रत या तिन्ही गोष्टी इंग्रजीत एका शब्दाखाली आल्या. जन्मवाचक धातूची जागा निर्मितीवाचक धातूने घेतली, हे या अर्थविस्ताराचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

चेकमधील निर्मितीवाचक शब्द : चेकमध्ये औद्योगिक उत्पादनास ‘वीरोबा’ म्हणतात. ‘वि’ (बाहेर) हा उपसर्ग व ‘रोब्’ (करणे, राबणे) हा धातू यांपासून तो बनला आहे. स्लाव्हिक क्रियापदांच्या नियमानुसार त्याची पूर्णतावाचक व अपूर्णतावाचक अशी दोन रूपे होतात : ‘विरोबित’ म्हणजे एखादी वस्तू बनवून पुरी करणे, तर ‘विराब्येत’ म्हणजे ती बनवीत असणे वा नेहमी बनविणे. इंग्रजीत हा भेद संदर्भावरून ओळखावा लागतो. ‘वीरोबेक’ (उत्पादित वस्तू), ‘वीरोब्त्से’ (उत्पादक) व ‘वीरोब्ना’ (उत्पादनस्थळ) हे शब्द केवळ प्रत्यय बदलून होतात. ‘ओब्राब्येत’ हे याच धातूचे क्रियापद धातुकाम करणे व जमीन कसणे अशा दोन्ही अर्थांनी येते. कारखान्यास ‘तोवार्ना’ म्हणतात. व्यापारी मालास ‘झ्बोझी’ हा शब्द असून त्यातील मूळ शब्दाचा अर्थ संपत्ती असा होता. संस्कृत ‘भग’ (भाग्य, ऐश्वर्य) या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो.

इंग्रजीत ‘प्रॉडक्शन’ हा एक शब्द जेथे चालतो, तेथे चेकमध्ये क्रियेचे स्वरूप पाहून शब्द निवडावा लागतो. वीज व यंत्रे यांच्या बाबतीत ‘वीरोबा’; कोळसा, खनिज तेल व लाकूड यांच्या बाबतीत ‘त्येझ्बा’ (काढणे, उपसणे); वनस्पतींच्या लागवडीस ‘प्येस्तोवानी’ व पशुपालनास ‘खोव’ हे शब्द रूढ आहेत. जे जमिनीतून काढले जाते ते बनविले जात नाही, हा भेद येथे भाषेनेच राखला आहे. तथापि शेतीचे एक आर्थिक क्षेत्र म्हणून वर्णन करताना वनस्पती व प्राणी या दोहोंसही ‘वीरोबा’ लावतात. गणितातील गुणाकारास ‘सोउचिन’ हा स्वतंत्र शब्द आहे. परकीय ‘प्रोदुक्त्से’, ‘प्रोदुक्त’ व ‘प्रोदुत्सेन्त’ हे शब्द अर्थशास्त्र, रसायनशास्त्र व चित्रपटव्यवसाय यांत विशेषेकरून आढळतात.

‘रोबोता’ व रोबोट : ‘रोब्’ धातूचा इतिहास दास्याशी निगडित आहे. प्राचीन स्लाव्हिकमध्ये त्याचे मूळ नाम दासवाचक होते. ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला करावयाचे सक्तीचे काम, म्हणजेच वेठ. बोहीमियातील शेतकऱ्यांच्या उठावानंतर १६८० च्या राजाज्ञेने या वेठीस आठवड्याला तीन दिवसांची मर्यादा घालण्यात आली. १७८१ मध्ये दुसऱ्या जोसेफने भूदासांची व्यक्तिगत बंधने काढली. परंतु वेठ पूर्णपणे रद्द झाली ती १८४८ मध्ये. याच धातूपासून ‘रोब्ये’ हा तान्ह्या मुलाचा वाचक जुना शब्द झाला आहे. जर्मन ‘आर्बाइट’ (काम), ग्रीक मूळाचा ‘ऑर्फन’ (पोरका) हा इंग्रजी शब्द आणि संस्कृत ‘अर्भ’, ‘अर्भक’ हे सर्व एकाच मूळाचे आहेत, असे अनेक व्युत्पत्तिकारांचे मत आहे. ‘अर्भ’ शब्दाविषयी मात्र मतभेद आहेत. निराधार मूल व दुसऱ्यासाठी राबणारा मनुष्य यांची परवशता हा या अर्थांना जोडणारा दुवा मानला जातो. इंग्रजी ‘लेबर’ या शब्दातही श्रम व प्रसूतिवेदना हे दोन अर्थ एकत्र नांदतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

कारेल चापेक (१८९०–१९३८) याच्या आर. यू. आर. (१९२०) या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. कृत्रिम कामकऱ्यांसाठी लॅटिन ‘लाबोर’वरून शब्द बनवावा, असे प्रथम चापेकच्या मनात होते, ‘रोबोट’ हा शब्द त्याचा बंधू चित्रकार योसेफ चापेक याने सुचविला, असे कारेलने स्वतः १९३३ मध्ये वृत्तपत्रातून सांगितले. १९२१ मध्ये प्राग येथील राष्ट्रीय नाट्यगृहात व १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे या नाटकाचे प्रयोग झाले. त्यातील रोबोट पोलादी नसून सजीवसदृश द्रव्यापासून कारखान्यात बनविलेले आहेत. त्यांचे उत्पादन होते, परंतु त्यांना प्रजनन नाही. इकडे श्रमातून मुक्त झालेल्या मानवजातीत मुले जन्मास येणे थांबते. उत्पादनाचे रहस्य सांगणारी हस्तलिखिते जळाल्यावर, बंड करून विजयी झालेले रोबोटही नामशेष होण्याच्या मार्गास लागतात. अखेरीस दोन रोबोटांत परस्परप्रेम उत्पन्न होते व जीवनाचे सातत्य सूचित होते. ‘वीरोबा’ व जन्म यांतील जो भेद चेक भाषेत शब्दांनी दर्शविला जातो, तोच या नाटकाचा मुख्य विषय आहे. इंग्रजी वाचकास ‘रोबोट’ या परक्या शब्दातील वेठीचा ध्वनी ऐकू येत नाही. चेक प्रेक्षकास तो सहज जाणवत होता.

जन्म व वृद्धी यांचे शब्द : जीवशास्त्रीय प्रजननास चेकमध्ये ‘रोझ्म्नोझोवानी’ असे नाव आहे. ‘म्नोहो’ (पुष्कळ) या शब्दापासून ते झाले असून त्याचा अर्थ ‘बहुगुणित होणे’ असा आहे. गणितातील संचास याच मूळाचा ‘म्नोझिना’ शब्द वापरतात; मात्र संख्यांच्या गुणाकारक्रियेस ‘नासोबेनी’ हा वेगळा शब्द आहे.

‘प्लोद’ या शब्दाचे फळ व गर्भ असे दोन अर्थ आहेत. ‘प्लोदिना’ (पीक), ‘प्लोद्नोस्त’ (जननक्षमता) व ‘ओप्लोद्न्येनी’ (फलन) हे त्याचेच साधित शब्द होत. मराठीतील ‘फळ’ व ‘फलन’ यांचा संबंधही असाच आहे. १९८२ मध्ये ब्रनो येथे बाह्यफलनाने तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील पहिले मूल जन्मास आले. या उपचारपद्धतीचे लोकप्रचलित नाव ‘कृत्रिम ओप्लोद्न्येनी’ असे आहे, तर वैद्यकीय परिभाषेत ‘साहाय्यित रेप्रोदुक्त्से’ असे म्हणतात. त्याच ब्रनो येथे ग्रेगोर मेंडेलने १८६५ मध्ये वाटाण्यांवरील प्रयोग जर्मन भाषेत सादर केले होते. त्या शास्त्राची मूलभूत संज्ञा ‘आनुवंशिकता’ चेकमध्ये ‘द्येदिच्नोस्त’ अशी असून ती ‘द्येद’ (आजोबा) या शब्दापासून आली आहे.

सर्वांत विस्तृत शब्दकुल ‘रोद’ (कुल, वंश) या शब्दाचे आहे. ‘रोदित’ (प्रसवणे), ‘पोरोद’ (प्रसूती), ‘पोरोद्नोस्त’ (जन्मप्रमाण), ‘रोदिना’ (कुटुंब), ‘नारोद’ (राष्ट्र), ‘ऊरोदा’ (सुगी) व ‘प्र्शीरोदा’ (निसर्ग) हे शब्द त्यात येतात. व्याकरणातील लिंग व जीवशास्त्रातील प्रजाती यांनाही ‘रोद’ म्हणतात. निसर्गवाचक शब्द राष्ट्रीय पुनरुज्जीवनाच्या काळात रशियनमधून घेण्यात आला. त्या काळी जर्मनच्या वर्चस्वातून चेक भाषेस ज्ञानभाषा म्हणून उभे करण्यासाठी यान स्वातोप्लुक प्रेस्ल (१७९१–१८४९) याने वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र यांची परिभाषा रचली, तर योसेफ युंगमान याने आपला बृहत् चेक-जर्मन कोश १८३९ मध्ये पूर्ण केला. देशी धातूंवर नवे शब्द घडविण्याची वृत्ती त्यातून दृढ झाली.

प्रतिकरणाचे शब्द : चित्राच्या प्रतीस चेकमध्ये ‘रेप्रोदुक्त्से’ व ध्वनिवर्धकास ‘रेप्रोदुक्तोर’ म्हणतात. मुद्रणपद्धतींना मात्र देशी नावे आहेत. कारेल क्लीच (१८४१–१९२६) या चेक संशोधकाने १८७९ च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीवर आधारलेल्या मुद्रणास ‘ह्लुबोतिस्क’ (खोल छपाई) ही संज्ञा आहे. ग्रंथाच्या प्रती काढण्यास ‘रोझ्म्नोझोवानी’ हाच, सजीवांच्या वृद्धीचा शब्द लावतात. २००० सालच्या चेक प्रताधिकार कायद्यातही तोच योजिला आहे. १९७० नंतरच्या दोन दशकांत सेन्सॉरशिपमुळे लेखक आपली पुस्तके टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद घालून हातोहात प्रसृत करीत. लुडव्हीक व्हाट्सुलीक याने चालविलेल्या ‘पेत्लित्से’ (कडी) या मालिकेतील प्रतींवर हस्तलिखिताची पुढे नक्कल करण्यास स्पष्ट मनाई असल्याची ओळ असे. लेखकास कायदेशीर संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात प्रती वाढतच गेल्या.

आर्थिक परिभाषा व तिचे परिणाम : कोणते काम ‘उत्पादक’ मानावे, हा प्रश्न ॲडम स्मिथने १७७६ मध्ये उपस्थित केला व घरगुती नोकराच्या श्रमास त्याने अनुत्पादक ठरविले. १९४८ नंतरच्या चेकोस्लोव्हाकियात या भेदास प्रशासकीय रूप मिळाले. अर्थव्यवस्थेची ‘वीरोबा’चे क्षेत्र व त्याबाहेरचे क्षेत्र अशी विभागणी करण्यात आली. शिक्षक, डॉक्टर व परिचारिका यांचे काम दुसऱ्या गटात पडत असल्याने राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत ते धरले जात नसे. १९८९ च्या सत्तांतरानंतर ही गणनापद्धती मागे पडून स्थूल देशांतर्गत उत्पादनाची पद्धती आली व तिच्या नावात परकीय ‘प्रोदुक्त’ शब्द स्वीकारण्यात आला. शाळेतील वा रुग्णालयातील पगारी काम त्यामुळे हिशेबात आले. घरातील बालसंगोपन व स्वयंपाक यांसारखे विनावेतन काम मात्र दोन्ही पद्धतींच्या बाहेर राहिले.

भाषांतरविषयक विचार : मराठीत वस्तूंसाठी ‘उत्पादन’, सजीवांसाठी ‘जनन’ वा ‘प्रजनन’, जनावरांसाठी ‘पैदास’, अर्थशास्त्रात ‘पुनरुत्पादन’ व कलाकृतीसाठी ‘प्रतिकृती’ असे शब्द सामान्यतः वापरतात. ‘प्रजोत्पादन’ या शब्दात जन्म व उत्पादन एकत्र आले असले, तरी एकंदरीत मराठीची विभागणी इंग्रजीपेक्षा चेकला अधिक जवळची आहे. म्हणून चेक मजकूर इंग्रजीच्या द्वारे मराठीत आणताना विशेष दक्षता आवश्यक ठरते. ‘त्येझ्बा’ व ‘वीरोबा’ हे दोन्ही इंग्रजीत ‘प्रॉडक्शन’ होतात; ‘रोझ्म्नोझोवानी’ व ‘रेप्रोदुक्त्से’ या दोहोंस ‘रिप्रॉडक्शन’ हा एकच प्रतिशब्द मिळतो. मूळ भाषेत असलेला आणि मराठीतही उपलब्ध असलेला भेद अशा वेळी मधल्या भाषेत नाहीसा होतो. तो परत मिळविण्यासाठी प्रतिशब्दापेक्षा मूळ क्रियेकडे पाहणे हाच विश्वसनीय मार्ग आहे : वस्तू बनविली, भूमीतून काढली, वाढविली, जन्मास घातली की तिची केवळ प्रत घेतली, हे निश्चित झाले म्हणजे योग्य मराठी शब्द आपोआप ठरतो.